हळू गाणे आणि दबून गाणे

आपल्या मंडळाच्या वार्षिक नाट्यगीत-भावगीत स्पर्धेची प्राथमिक फेरी यंदाही घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांवर झाली, आणि ती मुद्रणे ऐकून गुण देणाऱ्या तिघांत कार्यकारिणीने माझीही वर्णी लावली. मी गवई नव्हे. तरुणपणी सात-आठ वर्षे गुरुजींसमोर बसलो. पुढे शासकीय सेवेतील बदल्यांनी झाबुआ, मंदसौर, शहडोल असे फिरवले आणि गाणे कानापुरते उरले. कान मात्र अद्याप शाबूत आहेत. दोन दिवसांत चाळीसेक मुद्रणे ऐकली आणि तिसऱ्या दिवशी जे वाटले ते बैठकीत बोललो. ते कोणाला रुचले नाही. ‘काका, आता जमाना बदलला,’ एवढ्यावर विषय संपवण्यात आला. जमाना बदलला हे मला दर महिन्याला किराण्याच्या यादीवरूनही कळते. माझा मुद्दा तो नव्हता. वर त्याच बैठकीत असेही ठरले की, पुढील वर्षापासून अंतिम फेरीसुद्धा घरच्या मुद्रणांवरच घ्यावी. म्हणून हे टिपण, सर्व सभासदांच्या विचारार्थ.

त्या चाळीसांपैकी निदान तीस मुद्रणांत मला एकच आवाज ऐकू आला. गाणारी माणसे वेगळी होती, गावे वेगळी होती. बडोद्याची मुलगी होती, हैदराबादचे गृहस्थ होते, बेळगावच्या दोन भगिनी होत्या, आमच्या इंदुरातील तर पुष्कळच. तरी आवाज एकच. ओठांपाशी, कानात गुपित सांगावे तसा, निम्मा स्वर आणि निम्मा वारा. श्वास घेतल्याचा आवाज शब्दापेक्षा मोठा. ‘प’ आणि ‘भ’ आले की फुंकर मारल्यासारखा दणका. आणि या सगळ्याच्या मागे एखाद्या मोठ्या देवळाच्या सभामंडपात गात असल्याचा कृत्रिम घुमारा. मुखडा ऐकून वाटावे, बरे आहे. अंतरा आला की खरी गोष्ट उघडी पडते. तार षड्जाजवळ जाताच काहींचा स्वर विरून नुसती हवा उरते, तर काही जण आतापर्यंत कोंडलेले सगळे एकदम सोडून देतात आणि मुद्रण फाटते. मधला मार्ग कोणी जाणत नाही. स्वर चुकला असे तरी म्हणावे कसे? तो लावण्याचा यत्नच झालेला नसतो.

बैठकीत माझ्या शेजारी बसलेल्या एका तरुण पदाधिकाऱ्याने यांतल्याच एका मुद्रणाविषयी मोठ्या कौतुकाने म्हटले, ‘किती कंट्रोलने गायलीय!’ माझे भांडण आहे ते या वाक्याशी. आवाज लहान ठेवणे म्हणजे आवाजावर ताबा असणे, ही समजूत अलीकडे घरोघर रुजली आहे आणि ती साफ खोटी आहे. ज्याचा घोडा तबेल्याबाहेर कधी निघालाच नाही, त्याच्या लगामाचे कौतुक ते काय करायचे?

हळू गाणे ही फार मोठी विद्या आहे, हे आम्हा इंदूरकरांना बाहेरच्याने येऊन सांगायला नको. उस्ताद अमीर खाँसाहेब (१९१२–१९७४) याच शहरात वाढले. त्यांचा विलंबित ख्याल मंद्र सप्तकात ज्या संथपणे उलगडतो, त्यात आरडाओरडा शोधून सापडणार नाही. पण त्या मंद्रातला एकेक स्वर ऐकावा. तो भरीव आहे, त्याला तळ आहे, आणि तेच खाँसाहेब तार सप्तकात तान घेऊन गेले की त्या शांततेच्या पाठीशी केवढे बळ होते ते कळते. इथून तासाभरावर देवास आहे. कुमारजी (१९२४–१९९२) बेळगावच्या मुलखातून निघून १९४८ साली तेथे आले ते क्षयाने जर्जर होऊन. पुढे काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. पुन्हा गाऊ लागले तेव्हा श्वास पूर्वीसारखा लांब पुरत नव्हता. म्हणून ते कुजबुजत गायले काय? त्यांनी वाक्य लहान केले, स्वर लहान केला नाही. एखादा स्वर उंच फेकावा आणि क्षणात अगदी बारीक करून कानाशी आणून ठेवावा, हे त्यांचे सामर्थ्य. आणि ग्वाल्हेरचे कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांचा खुला, रोखठोक आवाज तर आमच्या पिढीच्या कानात अजून आहे. म्हातारपणीही त्यांनी तो आखडून घेतला नाही.

हे तिघे मुद्दामच घेतले. एकाचा स्वभाव संथ, एकाचा श्वास अपुरा, एकाचा गळा खणखणीत. तिघांच्याही ठायी हळू आणि मोठे हे दोन्ही हाताशी होते, आणि त्यांतले केव्हा काय घ्यायचे हे ते ठरवीत. दबून गाणाऱ्याला ठरवायला काही नसतेच. त्याच्याजवळ एकच आवाज आहे आणि तो भीतीने ठरवून दिलेला आहे.

यात शरीरशास्त्रही आहे, आणि ते फार कठीण नाही. स्वर उमटतो तो स्वरतंतूंच्या कंपनाने आणि ते कंप पावतात खालून येणाऱ्या श्वासाच्या दाबाने. नुसत्या कुजबुजीत ते कंप पावतच नाहीत. फटीतून हवा तेवढी जाते. दबक्या गाण्यात माणूस या दोहोंच्या मध्ये कोठेतरी लोंबकळतो. श्वासाचा दाब घटला की सूर खाली उतरू पाहतो. तो न उतरू देता आवाज बारीक करायचा, तर श्वास अधिक काटेकोरपणे धरावा लागतो. म्हणून हळू गाणे मोठ्याने गाण्याहून कठीण, आणि म्हणूनच जुने गुरू आधी खर्ज भरायला लावीत, मोकळा आकार घ्यायला लावीत आणि आवाज बारीक करणे पुष्कळ नंतर शिकवीत. आपण शेवटचा धडा पहिल्या दिवशी गिरवतो आहोत.

आता माईकची बाजू. माझ्यावर माईकद्वेषाचा आरोप झाला आहे, तो मला मान्य नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे प्रथम मुद्रित झाले तेव्हा समोर माईक नव्हता, पत्र्याचा कर्णा होता. वीज नाही, आवाज वाढवण्याची खुंटी नाही. गळ्यातून निघालेल्या लाटेनेच सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. त्या काळी गाणाऱ्याला मोठ्यानेच गावे लागे आणि फार मोठा स्वर आला की मान मागे घ्यावी लागे, नाहीतर तबकडी बिघडे. गाण्यातले नाजूकपण त्या कर्ण्याने कितीतरी गमावले असेल. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले आणि लहान स्वराला, हलक्या उच्चाराला, अर्ध्या उसाशाला जागा मिळाली. आपले मराठी भावगीत त्याच माईकच्या आणि आकाशवाणीच्या अंगणात वाढले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. नाट्यगीताचे तसे नाही. ‘मानापमान’ १९११ चे, ‘स्वयंवर’ १९१६ चे. रंगमंचावर ध्वनिक्षेपक येण्यापूर्वीची ही नाटके. बालगंधर्वांचा आवाज काही गर्जनेचा नव्हता, मधुरच होता, पण तो शेवटच्या रांगेपर्यंत जात असे. ती पदे ओठांतल्या ओठांत गायची म्हणजे महावस्त्राची घडी करून रुमाल करण्यासारखे आहे. आपल्या स्पर्धेत नाट्यगीत आणि भावगीत दोन्ही एकाच दबक्या आवाजात येतात, तेव्हा निदान नाट्यगीताच्या बाजूने कोणी तक्रार करायला हवी की नको?

परंतु लोक दबून का गातात, याचे उत्तर माईकमध्ये नाही. ते आपल्या घरांत आहे, आणि येथे मला इतरांकडे बोट दाखवण्याचा अधिकार थोडा कमी पडतो.

रामबागेतल्या ज्या वाड्यात मी वाढलो, त्याच्या भिंती हातभर जाड होत्या. माडीवर लाकडी तक्तपोशी, खाली जाजम, कोनाड्यांत पुस्तके. पहाटे कोणी खर्ज लावला तर तो घरात घुमे आणि गल्लीत नुसता जाणवे. आज आम्ही सुदामानगर, राजेंद्रनगरातल्या मजल्यामजल्यांच्या इमारतींत आलो. चार इंची भिंत, गुळगुळीत फरशी, मोकळी छते. एक शिंक दिली की पलीकडचा ‘सत्य’ म्हणतो. या खोल्यांत मोकळा स्वर लावला की तो भिंतींवर आपटून परत अंगावर येतो. गाणाराच दचकतो आणि माईकला अधिक बिलगतो. वर शेजारधर्म. ज्या शेजाऱ्याला वरातीचा डीजे रात्री अकराला चालतो, त्याला सकाळी आठचा यमन चालत नाही. मी महसुली माणूस, म्हणून सांगतो: ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले, निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. ती वरात ज्या रस्त्यावरून जाते त्या रस्त्यावर हे नियम कोणाला आठवत नाहीत. आमच्या घरातल्या मुलीला मात्र तोंड उघडण्यापूर्वी आठवतात.

आठवतात, कारण आम्हीच तिला आठवून देतो. माझी सून बेळगावची. लग्न होऊन आली तेव्हा शास्त्रीय संगीताच्या परीक्षा देऊन आलेली, गळा मोकळा, तार पंचमापर्यंत सहज जाणारा. पहिल्या वर्षी सकाळी तासभर बसायची. मग मी पेपर वाचताना म्हणालो, ‘जरा हळू.’ पुढे बाळ झोपलेले असायचे, म्हणून तिच्या सासूबाई म्हणाल्या, ‘जरा हळू.’ पलीकडच्या भिंतीवरून एकदा टकटक झाली, तेव्हा मुलगा म्हणाला. रागावून कोणीच बोलले नाही, आणि म्हणूनच तिला प्रतिवादही करता आला नाही. काही वर्षांत बैठक दुपारच्या निवांत वेळेवर गेली, मग स्वयंपाकघरात गेली, मग ती बैठक उरलीच नाही. २०२० च्या टाळेबंदीत रात्री सगळे निजल्यावर ती ओट्यापाशी उभी राहून मोबाईल हातात धरून गायची आणि ते नातेवाइकांत पाठवायची. सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली. चिमुकल्या मोबाईलच्या कर्ण्यातून तो आवाज खरोखरच गोड वाटे.

२०२३ च्या गणेशोत्सवात मंडळाने तिला प्रत्यक्ष गायला बोलावले. समोर दोनशे माणसे. नाट्यपदाचा मुखडा झाला, अंतरा उचलला, आणि वरचा षड्ज आलाच नाही. ध्वनिव्यवस्थेच्या मुलाने बिचाऱ्याने आवाज वाढवला, तशी शिट्टी वाजली. तिने पद पुरे केले, दुसरे गायले नाही. घरी परतताना मी समजूत घालावी म्हणून म्हणालो, ‘आवाज बसला असेल, हवा पावसाळी आहे.’ ती म्हणाली, ‘नाही बाबा. बसला नाही, बसवलाय.’ पुढे घर येईपर्यंत कोणी काही बोलले नाही.

तेव्हा ‘जमाना बदलला’ हे उत्तर मला पुरत नाही. जमान्याने नव्हे, आम्ही घरच्यांनी तो आवाज बसवला, आणि मोबाईलने त्यावर ‘छान’ असा शेरा मारला.

हा शेरा मोबाईल कसा मारतो, तेही पाहण्यासारखे आहे. हे यंत्र मुळात बोलण्यासाठी घडवलेले. कित्येक मोबाईल लहान आवाज आपोआप वाढवून घेतात आणि मोठा आवाज आपोआप दाबतात. म्हणजे तुम्ही कुजबुजा की मोकळे गा, ऐकणाऱ्याला जवळजवळ सारखेच पोहोचते. गायकाने केलेली चढउतार, जिच्यात अर्थाची निम्मी मजा, ती यंत्र सपाट करून टाकते. आणि मोकळे गाऊन काही निराळे मिळत नाही असा धडा गाणारा नकळत शिकतो. बोलण्यातला गोंगाट गाळण्याची सोय चालू असेल तर सतत वाजणाऱ्या तानपुऱ्यालाच ती गोंगाट समजते. कानांत गोळे घालून गायचे म्हटले तर आणखी एक फसवणूक होते. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये नोंदवले. त्याच्या उलट, स्वतःचाच आवाज कानात मोठा ऐकू आला की माणूस नकळत तो उतरवतो. दोन्ही कान झाकून, स्वतःचा आवाज मोठा करून ऐकत गाणारी मुलगी दबून न गाईल तरच नवल.

माझे म्हणणे एवढेच आहे की माईकने गळ्याशी जुळवून घ्यावे. आज उलटे चालले आहे. आणि यासाठी महागडी सामग्री लागत नाही. गाण्यातला सर्वांत उंच आणि मोठा भाग आधी एकदा पूर्ण आवाजात गाऊन बघावा आणि त्यावरून यंत्राची पातळी ठरवावी. आपण मुखड्यावरून ठरवतो आणि अंतऱ्यात फसतो. पातळी कमाल खुणेच्या बरीच खाली, १० डेसिबल तरी खाली असू द्यावी. जुन्या फितीवर थोडे जास्त झाले तर ती सांभाळून घेई. आजच्या अंकीय मुद्रणात कमाल खुणेपलीकडे काही नाही, लाटेचा शेंडाच छाटला जातो आणि मागून कितीही उपाय केले तरी तो परत येत नाही. उलट मुद्रण थोडे लहान आले तर नंतर वाढवता येते. ही साधी गोष्ट कळली तरी निम्मी भीती जाईल. साधा माईक असेल तर वीतभर अंतरावर, मोबाईल असेल तर हातभर अंतरावर, आणि तोंडाच्या थेट समोर न ठेवता किंचित बाजूला, म्हणजे फुंकर आत शिरत नाही. अंतर निम्मे केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. म्हणून तार सप्तकात जाताना आवाज आखडण्याऐवजी स्वतःच वीतभर मागे व्हावे. गौहरजानच्या काळातली हीच युक्ती. फार जवळ गेल्याने बहुतेक माईक खर्ज फुगवून दाखवतात, आणि पुष्कळांना तो आपला स्वतःचा भरदार आवाज वाटतो. खोलीचा घुमारा कमी करायचा तर गोधड्या आणि गाद्या आहेतच. कपड्यांचे कपाट उघडे टाकून त्याच्याकडे तोंड करून गावे. तानपुरा दुसऱ्या यंत्रावर, दूर, किंवा एकाच कानात. दुसरा कान आपल्या आवाजासाठी मोकळा. पंखा बंद. शेवटचे हे कलम इंदूरच्या मे महिन्यात अवघड आहे, कबूल.

बैठकीतल्या एका आक्षेपाला मात्र उत्तर द्यावेच लागेल, कारण तो रास्त होता. एका भगिनी म्हणाल्या, ‘काका, दोन खोल्यांत सहा माणसे, कोणी पूर्ण आवाज काढायचा आणि कोठे?’ खरे आहे. बडोदा-हैदराबादच्या सभासदांना दरवेळी इंदूरला बोलवा, असे माझे म्हणणे नाही. घरचे मुद्रण नसते तर कित्येक सुना-लेकींचे गाणे आपल्या कानांवर कधी आलेच नसते, माझ्या घरातलेही. पण सोय आहे म्हणून तिच्या मापाने गाणे बेतायचे, आणि त्या बेतलेल्या गाण्याला पहिला क्रमांक देऊन इतरांनाही तेच शिकवायचे, हा दोष सभासदांचा नाही. तो आम्हा गुण देणाऱ्यांचा आहे. यंदा मी स्वतः अशा दोन मुद्रणांना वरचे गुण दिले, हे येथे नोंदवून ठेवतो. दुसऱ्यांदा ऐकताना कळले, तोवर कागद गेले होते.

तेव्हा कार्यकारिणीपुढे माझा प्रस्ताव असा. प्राथमिक फेरी घरच्या मुद्रणांवर राहू द्या. मात्र मुद्रण अखंड असावे. कृत्रिम घुमारा आणि सूर दुरुस्त करण्याची यंत्रणा त्यावर चालवलेली नसावी. आणि गाण्याआधी स्पर्धकाने मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत मोकळा आकार एकदा लावून तोही त्याच मुद्रणात ठेवावा. त्याला गुण नकोत, ऐकणाऱ्याला गळ्याचे खरे माप कळले की पुरे. अंतिम फेरी प्रत्यक्षच व्हावी. बाहेरगावच्यांसाठी त्या त्या गावच्या मंडळाच्या सभागृहात, तेथल्या दोघा जाणकारांसमोर, आणि नाट्यगीत शक्य तेथे माईकशिवाय.

दुसरे असे की, आपल्या मंडळाचे सभागृह रविवारी दुपारी ३ ते ६ रिकामे असते. जाजम आहे, जाड पडदे आहेत, भिंतीपलीकडे कोणी राहत नाही. ज्या सभासदांना घरी मोकळे गाता येत नाही त्यांनी तेथे यावे, गावे, हवे तर मुद्रण करावे. सचिवांशी बोलून किल्ली मी माझ्याकडे घेतली आहे. गेल्या तीन रविवारी एकच व्यक्ती आली, आमच्याच घरची. मी बाहेर पायरीवर पेपर घेऊन बसतो. परवा वरचा षड्ज लागला, किंचित फाटका, पण सभागृहाबाहेर पायरीपर्यंत स्पष्ट ऐकू आला.